लोक तयार नाहीत, हे कोणी ठरवलं?

बारामती-इंदापूर पट्ट्यात निवडणूक लागली की चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या गट ऑफिसात आणि लग्नाच्या मांडवात दोन वाक्यं हटकून कानावर येतात. ‘उमेदवार कोण ते बघू नका, काम बघा’ हे एक. ‘आमची काही हरकत नाही हो, पण लोक तयार नाहीत’ हे दुसरं. एरवी ही वाक्यं वेगवेगळ्या तोंडून येतात. तृतीयपंथी उमेदवाराचा, समलिंगी स्त्रीचा किंवा अल्पसंख्याकाचा विषय निघाला की मात्र एकच माणूस दोन्ही एका दमात म्हणतो. पहिल्या वाक्याने तो स्वतः तत्त्वनिष्ठ ठरतो, दुसऱ्याने दोष शेजाऱ्यावर जातो. ‘पहिली तृतीयपंथी सरपंच’, ‘पहिली पारलिंगी आमदार’ अशा बातम्यांवर नाक मुरडणाऱ्यांची सगळी भिस्त याच दोन वाक्यांवर असते. त्यांतलं पहिलं प्रामाणिक नाही आणि दुसरं खरं नाही.

आधी प्रामाणिकपणाचं बघू.

ओळख बघू नये, काम बघावं, हा उपदेश ज्या मतदारसंघात केला जातो, त्या बारामतीची २०२४ ची लोकसभा निवडणूक कशावर लढली गेली? उजनीच्या पाण्यावर? ऊसदरावर? दुधाच्या भावावर? हे विषय भाषणांत होतेच, नाही असं नाही. पण गावोगाव चर्चा रंगली ती लेक की सून यावर. एकीकडे सुप्रिया सुळे, दुसरीकडे सुनेत्रा पवार. मूळ पवार कोण आणि बाहेरून आलेले पवार कोण, हा भेद खुद्द शरद पवारांच्या तोंडून निघाला आणि मग आठवडाभर महाराष्ट्राने सासर-माहेराचा वाद घातला. लेक १,५८,३३३ मतांनी निवडून आली. पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच घरातले काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले. शेजारच्या इंदापुरात तर उमेदवार आडनावानेही ओळखले जात नाहीत, नात्याने ओळखले जातात. दत्तात्रय भरणे ‘मामा’, हर्षवर्धन पाटील ‘भाऊ’. सभेत ‘मामांना निवडून द्या’ म्हटलं की कोणी विचारत नाही, कोणाचे मामा?

यात वाईट काही नाही. माणसं ओळखीच्या, नात्याच्या, आपल्यातल्या वाटणाऱ्या माणसाला मत देतात, जगभर देतात. पण मग घराणं, आडनाव, भावकी, जात, सासर आणि माहेर ही ‘ओळख’ नसते आणि तृतीयपंथी असणं तेवढं ‘ओळखीचं राजकारण’ ठरतं, हा हिशेब कोणत्या वहीतला? ज्याच्याकडे वजनदार ओळख आहे त्याला ती सांगावी लागत नाही. बॅनरवरचं आडनाव ती सांगून टाकतं. जिच्याकडे ती नाही, तिने तोंड उघडलं की लगेच ‘काम बघा’. वाक्य तेच, पण ते नेमकं एकाच बाजूच्या उमेदवाराला ऐकवलं जातं.

आता दुसरं वाक्य, लोक तयार नसल्याचं. हे मत नाही, हे वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे. त्यामुळे ते तपासता येतं.

तपासायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेने नीरा वाहते. सराटीपाशी ती ओलांडली की सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. ऊस तोच, पाण्याची भांडणं तीच, सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या. त्या तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि ज्ञानदेव शंकर कांबळे सरपंच म्हणून निवडून आले. राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच म्हणून वर्तमानपत्रांत त्यांचं नाव झळकलं.

या निकालातला महत्त्वाचा तपशील ‘पहिले’ या शब्दाच्या गडबडीत मागे पडला. त्या वर्षीपासून सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा लागू झाला होता. पूर्वी सदस्य निवडून यायचे आणि मग त्यांच्यातून सरपंच ठरायचा. त्यात सहली निघायच्या, फोन बंद व्हायचे, सदस्य कुठल्या तरी फार्महाउसवर ‘दर्शनाला’ जायचे. तशा पद्धतीने कांबळे सरपंच झाले असते तर टीकाकारांना म्हणता आलं असतं की हा चार जणांचा सौदा, गावाला काय विचारता. इथे ती सोय नाही. भाजपच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले आणि अख्ख्या गावाने आपापलं बटण दाबलं. ‘लोक’ म्हणजे जर मतदार असतील, तर ते तयार होते. एका खेड्यातले, शेतकरी आणि मजूर, कोणत्याही कार्यशाळेला न गेलेले.

गावात कांबळेंना ‘माऊली’ म्हणतात. हा शब्द इथे जरा थांबून ऐकण्यासारखा आहे. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच बारामती-सणसर-निमगाव केतकी-इंदापूर वाटेने जाते, बेलवाडीला रिंगण होतं, सराटीला नीरास्नान होतं. त्या गर्दीत धक्का लागला तर बाई पुरुषाला ‘माऊली’ म्हणते, पुरुष पोलिसाला ‘माऊली’ म्हणतो, आणि ज्या ज्ञानोबांवरून हा शब्द आला ते तर पुरुष. पंढरपूरला पोचल्यावर विठोबाची विठाई होते. याचा अर्थ वारकरी संप्रदाय लिंगभावाच्या आधुनिक चर्चेत सातशे वर्षं पुढे होता, असा दावा करायची गरज नाही. तो खोटा ठरेल. अर्थ एवढाच की आई-बाप, तो-ती यांची सरमिसळ या मातीतल्या माणसाच्या जिभेला नवी नाही. उलट अडचण होते ती लिहिणाऱ्याची. कांबळे ‘निवडून आले’ लिहायचं की ‘आल्या’? मराठीचं क्रियापद उमेदवारी अर्जापेक्षाही हट्टी आहे. रकाना भरल्याशिवाय पुढे सरकूच देत नाही. गावाने ‘माऊली’ म्हणून ती अडचण परस्पर सोडवून टाकली.

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ, तिकडून आलेलं, असा आणखी एक आक्षेप असतो. त्याला तारखा पुरेशा आहेत. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर डॅनिका रोम ही पारलिंगी स्त्री निवडून आली आणि जगभर मथळे झाले, तो दिवस ७ नोव्हेंबर २०१७. तरंगफळचा निकाल त्याच्या आधीच्या महिन्यातला. न्यूझीलंडच्या जॉर्जिना बायर १९९९ च्या अखेरीस खासदार झाल्या. जगातल्या पहिल्या उघडपणे पारलिंगी खासदार. त्यानंतर काही महिन्यांतच, २००० साली, मध्य प्रदेशातल्या सोहागपूरने पोटनिवडणुकीत शबनम मौसी यांना आमदार केलं. सोहागपूरच्या मतदारांनी वेलिंग्टनची बातमी वाचून मत दिलं, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं.

एक मात्र मान्य करायला हवं. तृतीयपंथीयांना गावाने जागा दिली होती ती पायरीवरची. बाळाच्या बारशाला आशीर्वाद द्यायला, जत्रेत, देवीच्या दारात परडी घेऊन. जोगत्याच्या पाया पडणारा माणूस त्याला घर भाड्याने देत नाही, हे कोणालाही माहीत आहे. म्हणून खुर्चीवर बसवणं ही पायऱ्यांच्या परंपरेतली पुढची पायरी नव्हे. ती वेगळीच गोष्ट आहे. ग्रामसभेत अध्यक्ष कोण, घरकुलाच्या यादीवर सही कोणाची, ग्रामसेवकाला जाब कोण विचारणार, याचा तो प्रश्न आहे. तरंगफळने उत्तर दिलं ते या प्रश्नाचं. आशीर्वाद ते आधीही घेत असतील.

मग अडतं कुठे? इतिहास काढून पाहिला तर अडतं मतपेटीच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे. मतपेटीत क्वचितच.

मध्य प्रदेशातल्या कटनी शहराने २००० च्या सुमारास तृतीयपंथी कमला जान यांना महापौर केलं. पद स्त्रियांसाठी राखीव होतं. लोकांनी मतं दिली, त्यांनी शपथ घेतली, कारभार सुरू केला. नंतर न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली: कायद्याच्या दृष्टीने त्या स्त्री नाहीत, पुरुष आहेत, म्हणून राखीव जागा त्यांची नाही. उत्तर प्रदेशात गोरखपूरने २००० साली आशा देवी यांना महापौर केलं होतं. तीही जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि त्यांच्याही निवडीला कोर्टात आव्हान मिळालंच. दोन्ही शहरांतले मतदार तयार होते. कागद तयार नव्हता.

कागद तयार व्हायला २०१४ उजाडलं. १५ एप्रिल २०१४ ला ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं लिंग कोणतं हे ठरवायचा अधिकार त्या व्यक्तीचा. पुढे २०१९ चा कायदा आला, जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्यातही स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क लिहिला गेला. एवढं झाल्यावर तरी प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला का, हे जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये कळलं.

जानेवारी २०२१ ची ग्रामपंचायत निवडणूक. अंजली पाटील यांनी सर्वसाधारण स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो बाद केला; कारण, त्या तृतीयपंथी आहेत, स्त्री नाहीत. अठरा वर्षांपूर्वीचं कटनीचं भूत एका तालुक्याच्या कचेरीत पुन्हा उभं राहिलं. अंजली पाटील औरंगाबाद खंडपीठात गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारीला निकाल दिला: त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे, कायदा ती निवड मान्य करतो, अर्ज स्वीकारा. १५ तारखेला मतदान झालं, १८ ला मोजणी. अंजली पाटील निवडून आल्या.

या सतरा-अठरा दिवसांत कोण तयार होतं आणि कोण नव्हतं, याची नोंद सरकारी कागदांवरच आहे. गावाने त्यांना स्वीकारलं. कचेरीने नाकारलं होतं. आणि ‘लोक तयार नाहीत’ हे वाक्य कचेऱ्यांत आणि पक्ष कार्यालयांत बसलेल्यांच्या तोंडीच सर्वांत जास्त असतं. एखाद्या हॉटेलवाल्याने स्वतःच शटर ओढावं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून गळा काढावा, त्यातला हा प्रकार.

भादलीच्या निकालावर एक गंभीर आक्षेप आला आणि त्याला चिडून नव्हे, नीट उत्तर द्यायला हवं. बायकांसाठी राखीव जागा मुळात किती लढून मिळाल्या. त्यात आता वाटेकरी कशाला? आज पुरुष, उद्या निवडणुकीपुरती स्त्री, असं कोणी केलं तर? हा प्रश्न न्यायालयाच्याही लक्षात होता. म्हणूनच निकालात अट घातली गेली की एकदा स्त्री ही ओळख घेतल्यावर पुढे फायद्यासाठी पुन्हा पुरुष होता येणार नाही. म्हणजे पळवाट बुजवलेली आहे. आणि खरं सांगायचं तर राखीव जागांवर डल्ला मारणाऱ्यांची यादी कोणी करायला बसलं, तर त्यात तृतीयपंथी उमेदवार सापडणं मुश्कील. ‘सरपंचपती’ मात्र दर दोन मैलांवर भेटेल. बैठकीला बायको सहीपुरती, खुर्चीत नवरा. त्याच्याविरुद्ध छाननीत कधी कोणाचा अर्ज बाद झाला आहे?

बायकांचा विषय निघालाच आहे, तर खुद्द बारामती तालुक्यातलं एक उदाहरण इथे आणलंच पाहिजे, कारण ‘पहिलं’ मोजण्याला अर्थ काय, या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर तिथे आहे. नीरेच्या काठावरचं निंबुत. १९६३ साली या गावाची ग्रामपंचायत पूर्णपणे बायकांची झाली. सरपंच कमलाबाई काकडे. पाच वर्षं, १९६८ पर्यंत, त्या पंचायतीने कारभार केला. तेव्हा कायद्यात स्त्रियांसाठी जेमतेम दोन जागांची सोय होती आणि त्याही बहुतेक गावांत कोणाला तरी नावापुरतं बसवून भरल्या जायच्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती तीस वर्षं दूर होती.

आक्षेपक म्हणतील, काकडे हे त्या पट्ट्यातलं मोठं नाव. घरातल्या कर्त्या पुरुषांनी ठरवलं म्हणून बायका बसल्या. अगदी बरोबर. गावातल्या पुरुषांच्या संमतीशिवाय १९६३ मध्ये हे झालंच नसतं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? हाच की दार उघडणाऱ्याने उघडलं, तर आत जाणारी माणसं तयार होती आणि गावही तयार होतं. निंबुत बुडालं नाही.

आणि तरी निंबुतनंतर काय झालं? फारसं काहीच नाही. अधूनमधून एखादं गाव; १९८९ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या प्रयत्नाने जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरची महिला पंचायत गाजली. मोजकी उदाहरणं, प्रत्येक वेळी बातमी, प्रत्येक वेळी ‘ऐतिहासिक’. एकतृतीयांश जागा कायद्याने राखून ठेवल्या तेव्हा, १९९३ नंतर, बायका हजारोंनी आल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये तो वाटा निम्म्यावर नेल्यावर महिला सरपंच ही बातमीच उरली नाही. निंबुतची बाई आणि आजची बाई यांच्यात लोकांची मनं किती बदलली, यावर वाद घालता येईल. कायदा बदलला, यावर येणार नाही.

म्हणून ‘पहिला-पहिली मोजणं म्हणजे नुसती प्रसिद्धी’ या तक्रारीत एक दाणा खरा आहे. एकट्या पहिलीने काही बदलत नाही. शबनम मौसी २००३ नंतर पुन्हा विधानसभेत आल्या नाहीत. छत्तीसगडमध्ये रायगडच्या मधू किन्नर यांनी जानेवारी २०१५ मध्ये अपक्ष उभं राहून भाजपच्या उमेदवाराला ४,५३७ मतांनी हरवलं आणि महापौर झाल्या. दलित, तृतीयपंथी, पक्ष नाही, पैसा नाही. त्यांच्यामागे रांग लागली असं झालं नाही. पण हा दोष मोजणाऱ्यांचा कसा? उलट मोजलं म्हणून कळतं की दुसरी आलीच नाही. महाराष्ट्राला पहिला मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला जून १९८० मध्ये, अ. र. अंतुले. त्यांच्यानंतर किती झाले? एकही नाही. महिला मुख्यमंत्री? पहिलीसुद्धा झालेली नाही. आणि शेजारच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या. हे आकडे मोजू नका असं ज्यांना वाटतं, त्यांना ते का मोजायचे नसावेत, हे समजायला फार हुशारी लागत नाही.

पक्षांच्या बाबतीत तर मोजायलाच हवं, कारण घोषणा आणि उमेदवारी यांच्यातलं अंतर तिथे उघडं पडतं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने एलजीबीटी सेल स्थापन केला. राज्यात असं करणारा तो पहिला पक्ष. पुढाकार बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचा. १ एप्रिल २०२२ ला त्यांनीच लोकसभेत समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणारं खासगी विधेयक मांडलं. विशेष विवाह कायद्यात ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ यावं, अशी त्यात तरतूद होती. त्या आधी आणि त्या नंतरही बारामतीच्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं आहे. विधेयक मांडल्यावर दोन वर्षांनी, घर फुटलेलं असताना, चिन्ह हातचं गेलेलं असताना, दीड लाखाच्या वर मताधिक्य. त्यांना मिळालेली मतं त्या विधेयकाला होती असं म्हणणं बालिशपणाचं होईल. पण त्या विधेयकाने त्यांचं नुकसान झालं, असं तर कोणालाच म्हणता येणार नाही. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर, खडकवासला: या सहा विधानसभा मतदारसंघांत ‘समलिंगी विवाहवाली बाई नको’ म्हणून लाट आली नाही.

असं असताना सेलचं पुढे काय? सेलच्या प्रमुखपदी प्रिया पाटील आल्या. त्या २०१७ मध्येच मुंबई महापालिकेला कुर्ल्यातून उभ्या राहिल्या होत्या; अपक्ष. म्हणजे लढायची हिंमत त्यांनी पक्षाच्या आधीच दाखवली होती. सेल, आघाडी, प्रकोष्ठ, शाखा ही आपल्याकडच्या पक्षांची जुनी कला आहे. ज्यांना उमेदवारी द्यायची नाही त्यांना लेटरहेड द्यायचं. हा टोला एकट्या राष्ट्रवादीला नाही. तिने निदान लेटरहेड तरी सगळ्यांच्या आधी छापलं.

वंचित बहुजन आघाडीने २०१९ मध्ये कवयित्री दिशा पिंकी शेख यांना राज्य प्रवक्ता केलं आणि २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. शमिभा हरल्या. झालं, ‘बघा, लोक तयार नाहीत’ म्हणणाऱ्यांना हवा तो पुरावा मिळाला! पण त्या निवडणुकीत वंचितचा एकही उमेदवार राज्यात कुठेच निवडून आला नाही. बाकीचे सगळे काय तृतीयपंथी होते?

आता समलिंगी स्त्रियांकडे वळू, कारण त्यांची अडचण याहून खोल आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये कॅथी कोझाचेंको अ‍ॅन आर्बरच्या नगरपरिषदेवर आणि त्याच वर्षी इलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर, लेस्बियन असल्याचं न लपवता, निवडून आल्या. आइसलँडमध्ये २००९ साली योहाना सिगुर्दारदोत्तिर पंतप्रधान झाल्या. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशात हे का अवघड आहे, ते समजायला इथली शिडी बघावी लागते. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी: या कारखान्यांचा ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर नावावर सातबारा हवा. सभासद झालं की गटात नाव, मग संचालकपदाचं पॅनेल, बाजार समिती, दूध संघ, पंचायत समिती, आणि पुढचं पुढे. सातबाऱ्यावर नाव चढतं वारसाने. बहिणी हक्कसोड देतात. म्हणजे बाईला या शिडीवर चढायचं तर कोणाची तरी लेक, सून किंवा बायको म्हणूनच. जिला लग्नच करायचं नाही, किंवा जिला एका बाईबरोबर घर करायचं आहे, तिच्यासाठी पहिल्या पायरीलाच फळी नाही. तृतीयपंथी मुलाला पंधराव्या-सोळाव्या वर्षी घराबाहेर काढलं जातं तेव्हाही हेच होतं. घराबरोबर सातबारा जातो, रेशनकार्ड जातं, गावातला पत्ता जातो. कुटुंबात राहायचा हक्क २०१९ च्या कायद्यात लिहिलेला आहे, पण तो तलाठ्याच्या दप्तरात आपोआप उमटत नाही.

पत्ता गेला की मतही जातं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी झाली. २०२४ च्या विधानसभेच्या मतदार यादीत तृतीयपंथी मतदार होते ६,१०१. जनगणनेत लहान मुलंही धरलेली असतात, काहींनी यादीत स्त्री किंवा पुरुष म्हणून नाव ठेवलं असेल. ते सगळं वजा केलं तरी तफावत झाकली जात नाही. ज्यांचं नाव यादीतच नाही, ते उमेदवार कुठून होणार? आणि मग तेच पुन्हा, ‘त्यांच्यातून कोणी पुढे येत नाही हो.’

मराठी माणूस या बाबतीत मागास असल्याचं रडगाणंही इथे गायचं नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉ. अशोक वराडकर आयर्लंडला गेले. त्यांचा मुलगा लिओ याने जानेवारी २०१५ मध्ये, मंत्री असताना, रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं आणि जून २०१७ मध्ये तो पंतप्रधान झाला. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर वडिलांच्या गावी आले तेव्हा वराडने त्यांचं कौतुकाने स्वागत केलं. गावाला त्यांच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. कोकणातल्या एका खेड्याला जे पचलं, ते जिल्हा पातळीवरच्या निवड मंडळाला का पचू नये?

तेव्हा बारामती-इंदापुरात, किंवा कुठेही, पुढच्या ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या, कारखान्याच्या निवडणुकीत कोणी पुढारी सुस्कारा टाकून ‘आमची हरकत नाही, पण लोक तयार नाहीत’ म्हणाला, तर वाचकाने त्याच्याशी वाद घालत बसू नये. तरंगफळ, भादली, सोहागपूर, कटनी आणि रायगड ही नावं त्याला सांगावीत आणि एवढंच विचारावं: तुमच्याकडे उमेदवारी मागायला कोण कोण आलं होतं, आणि त्यांतल्या किती जणांना तुम्ही लोकांसमोर जाऊ दिलंत? ती यादी दाखवा.